माहेरचं माणूस

“तुम्ही आई ना? मग तुम्ही आत या,” समुपदेशक तनया म्हणाली आणि दार धरून उभी राहिली.

“हो, आई,” श्यामलाबाई म्हणाल्या. छोट्या नातीचं, अवनीचं, बोट धरून त्या नम्रताच्या मागोमाग आत शिरल्या.

नारायण पेठेतल्या त्या समुपदेशन केंद्राचा एक शिरस्ता होता. घरातल्या मारझोडीची तक्रार घेऊन बाई आली, की तिच्यासोबत माहेरचं एक माणूस आत बसे. भिंतीवर तशी पाटीच होती : ‘सासरच्या मंडळींनी बाहेरच्या बाकावर थांबावे. आत काय चालले आहे, हे विचारू नये.’ पुण्यातली पाटी ती, तिच्याशी कोण हुज्जत घालणार? श्यामलाबाईंनी ती नीट वाचली होती.

नम्रता खुर्चीत अंग चोरून बसली. तिच्या उजव्या तळहाताला पट्टी होती. याआधी ती इथे एकटीच दोनदा आली होती, आणि दोन्ही वेळा जुजबी काहीतरी बोलून घरी परत गेली होती. आज तिच्या नवऱ्याला, आमोदला, समोरासमोर बोलावलं होतं. तो येईल, हात जोडेल, आणि ही पुन्हा त्याच्यामागून निघेल, अशी तनयाला धास्ती होती. या वेळी गेली, तर पुन्हा इथवर यायला उरेल की नाही कोण जाणे. तनयाने ते स्पष्टच बोलून दाखवलं.

“आज जाणार नाही,” श्यामलाबाई म्हणाल्या.

सगळी हयात त्यांनी प्राथमिक शाळेत घालवली होती. शाळेच्या पहिल्या दिवशी उंबऱ्यावर अडून बसलेल्या पोराला वर्गात आणायला जो आवाज लागतो, तो त्यांच्या गळ्यात अजून होता. त्याच आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. भाजलेल्या हाताला औषध लावून तिघी घराबाहेर पडल्या होत्या. मंडईमागे मैत्रिणीची खोली रिकामी होती, तिथे राहत होत्या. आमोदला तो पत्ता ठाऊक नव्हता.

अवनी खाली सतरंजीवर पाटी घेऊन बसली होती. श्यामलाबाईंनी तिला ‘नको’ हा शब्द गिरवायला दिला होता. मात्रा वाकडी आली तरी चालेल, पण म्हणायचं ठणठणीत, असं त्यांनी सांगितलं. अवनीने इतकं ठणठणीत म्हटलं, की पलीकडच्या खोलीतलं कुणीतरी डोकावून गेलं. नम्रता त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

“एवढी शिकलेली माणसं,” तनया कागद आवरता आवरता म्हणाली. “घरच्यांनी काय शिकवलं असेल हो असल्यांना?”

“शिकवलं असेल,” श्यामलाबाई म्हणाल्या. “शिकला नसेल.”

तनयाला वाटलं, आपण नको ते बोललो. लग्न करून देताना माणसाच्या पोटातलं कुणाला दिसतं, असं काहीबाही बोलून तिने त्यांची समजूत घातली. श्यामलाबाईंनी ती घालू दिली. त्या अवनीची मात्रा सरळ करत होत्या.

मग तनयाने आपली खरी अडचण सांगितली. अशा प्रकरणांत माहेरचे जे सांगतात, ते लेकीकडून ऐकलेलं असतं. शेजाऱ्यांना भिंतीआडून सगळं ऐकू येतं, पण विचारायला गेलं की त्यांचा टीव्ही मोठ्याने चालू असतो. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस मिळालं तर गोष्ट वेगळी.

“मी पाहिलंय.”

“तुम्ही त्या दिवशी तिथे होतात?”

“होते.”

“हे बरं झालं,” तनया म्हणाली.

आमोद आला तेव्हा अवनीला शेजारच्या खोलीत नेलं होतं. कडक इस्त्रीचा सदरा, हळू आवाज. श्यामलाबाईंकडे त्याने पाहणं टाळलं. तो तनयाशीच बोलत राहिला. भांड्याला भांडं लागतंच. कामाचा ताण असतो. तवा तापलेला होता, हिचा हात चुकून लागला. त्याचे डोळे खरोखर भरून आले. नम्रता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि तनयाला ती पुन्हा परत जाताना दिसू लागली.

“आणि आमच्या चार भिंतींत काय झालं,” आमोद म्हणाला, “ते बाहेरच्यांना काय माहीत?”

“मी बाहेरची नव्हे,” श्यामलाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. मनगट कुणी धरलं, तव्यावर कुणी दाबलं, नम्रता काय म्हणत होती, अवनी कुठल्या टेबलाखाली शिरली. हजेरी घ्यावी तशी एकेक गोष्ट त्या घेत गेल्या. कुठे आवाज चढला नाही, कुठे पडला नाही. हेच पोलिसांत सांगेन आणि हेच कोर्टात, असं म्हणून त्या थांबल्या.

नम्रताने पदर सोडला आणि मान वर केली. मी येणार नाही, असं ती त्याच्याकडे बघून म्हणाली.

तनयाने त्याला पुढचं समजावून दिलं. उद्यापासून बोलणं वकिलांमार्फत, या तिघींच्या वाटेला जायचं नाही. आणि राहवलं नाही म्हणून वर आणखी म्हणाली, की लेकीसाठी आई कशी उभी राहते, ते आज बघितलंत ना?

आमोद उठला. दाराशी जाऊन वळला. नम्रताकडे त्याने पाहिलंही नाही.

“अगं आई,” तो म्हणाला, “तू तरी घरी चल ना.”

श्यामलाबाई जागच्या हलल्या नाहीत. नम्रता उठून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“अहो आई,” ती म्हणाली, “अवनी खोळंबलीय. चला, आपण आपल्या घरी जाऊ.”