न वाजवलेला आवाज

"तोंड उघडा. आता सावकाश मिटा," दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांची बोटं खुर्चीतल्या बाईच्या दोन्ही कानांपुढे टेकलेली होती. जबडा कट्‌कन वाजला. "कानातली शिट्टी बदलली?"

"बारीक झाली," ती म्हणाली.

तिचा नवरा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. लोकांचे कान तपासण्यात त्याची सतरा वर्षं गेलेली, त्यामुळे त्याला राहवलं नाही. "हिचे कान मीच तपासलेत. ठणठणीत आहेत."

"असतीलच. दुखणं जबड्याच्या सांध्याचं आहे. तो कानाला खेटूनच असतो, काहींना त्याचा त्रास असा कानात ऐकू येतो. शिट्टी खरी आहे यांची."

'खरी' हा शब्द त्याला झोंबला. दोन वर्षांपूर्वी त्यानेच तिला तपासणीच्या बंद खोलीत बसवलं होतं. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. तो आवाज सोडत नव्हता तेव्हाही ती दाबत होती. अकरा वेळा. शेवटी दार उघडून तो खेकसला, "लक्ष कुठंय तुझं?" "आवाज होता," ती म्हणाली. त्याने कागदावर शेरा मारला, 'लक्ष देत नाही'. दुसरं कुणी असं चुकलं की तो आधी विचारायचा, कानात काही वाजतं का म्हणून. बायकोला तेवढं विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वर त्याचा किस्सा केला. पाहुणे आले की रंगवून सांगायचा, आमच्या हिला न वाजवलेलंही ऐकू येतं. सगळे पोट धरून हसायचे. तिचा गाल कानापाशी टरारून यायचा. हसू दाबतेय, असं त्याला वाटायचं. आता त्याला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

"झोपेत दात खातात का या?" डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं.

"नाही."

"मग दिवसा आवळत असणार. कधी पाहिलंत?"

"पाहिलंय. मी एक किस्सा सांगतो, तेव्हा."

"कोणता?"

बायको छताकडे बघत म्हणाली, "सांगा की त्यांना. छान सांगता तुम्ही."

डॉक्टरबाईंची बोटं जागीच थांबली.

"हे बघा," त्या तिला म्हणाल्या, "आत्ता आवळलेत."