फिकट निळ्यातलं घर

घर बघायला येणारी बाई भरतीच्या आत येऊन जायला हवी होती. ती दारात उभी राहिली तेव्हा पाणी चढायला लागलं होतं.

"बस लांबून वळवली हो," ती म्हणाली. "किनाऱ्याचा रस्ता बंद आहे." तिच्याबरोबर पाच वर्षांची मुलगी होती. बाई शिवणकाम करायची. एका खोलीत मशीन, एका खोलीत संसार, एवढंच तिला हवं होतं.

"या ना, या," घराचा मालक म्हणाला. तो म्हातारा प्लंबर होता. आयुष्यभर त्याने लोकांच्या घरातलं पाणी बाहेर काढलं होतं. आज मात्र तो न्हाणीघराच्या बंद दाराला पाठ लावून उभा होता. आत पाणी जायच्या भोकात त्याने सकाळीच चिंध्यांचा बोळा कोंबून ठेवला होता आणि वर भरलेली बादली.

त्याची बायको पाहुणीला खिडक्या दाखवत होती. "ऊन बघा कसं येतं. आणि वाऱ्याचं तर विचारूच नका." बोलताना तिचं लक्ष नवऱ्याच्या पायांकडे होतं. याआधी तिघे जण घर बघून गेले, ते गेलेच. भिंतींच्या ओलीने प्लंबरचा दमा वाढला होता. "हवा बदला," एवढं सांगून डॉक्टर मोकळे झाले होते. दोघांची लेक डोंगराकडच्या गावात राहायची. तिने शेजारची खोलीही हेरून ठेवली होती, पण हे घर विकलं गेल्याशिवाय ती खोली घेणार कशी?

"काका, जरा सरकता का? न्हाणीघर बघते."

"त्यात काय बघायचं? न्हाणीघरासारखं न्हाणीघर."

आतून गुडगुड आवाज आला. दाराच्या फटीतून पाणी निघालं आणि प्लंबरच्या टाचांना वळसा घालून खोलीत पसरलं.

"पाईप तुंबलाय," तो म्हणाला. "उद्याच साफ करतो."

"प्लंबरच्या घरचा?" बाई हसली. मग तिने खाली वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "खारट आहे, काका."

तेवढ्यात मुलीने चपला काढल्या, फ्रॉकला पुसल्या, आईच्या पिशवीत घातल्या आणि पलंगावर चढून बसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"व्हॉल्व्ह बसवून झाला, भोक बुजवून झालं," प्लंबरची बायको म्हणाली. "मग फरशीच्या सांध्यांतून येतं. समुद्रच वर आलाय. बोळे तरी कुठे कुठे कोंबायचे?"

"अगं..."

"आता राहू द्या हो. चव घेऊन झालीय त्यांची."

"किती येतं, काकू?"

"अमावस्या-पौर्णिमेला घोट्यापर्यंत. वादळ असेल तर गुडघ्यापर्यंत. पूर्वी एखादं वादळ झालं की लोक जन्मभर त्याच्या गोष्टी सांगायचे. आता मागचं कुठलं आणि त्याच्या मागचं कुठलं, तेच आठवत नाही."

बाईने दाराबाहेर पाहिलं. गल्लीत उभ्या सायकलीची चाकं अर्धी बुडाली होती. पाणी उतरेपर्यंत कोणाला कुठे जाता येणार नव्हतं. मग तिघंही पलंगावर मुलीशेजारी पाय वर घेऊन बसली, ओळीने, बस यायची असल्यासारखी.

"चौकातला नकाशा बघितलात?" बाईने विचारलं.

नगरपालिकेने तो चौकात लावला होता. वीस वर्षांत जो भाग कायमचा पाण्याखाली जाणार, तो त्यात गडद निळा होता. ज्याला पन्नास वर्षं लागणार, तो फिकट निळा.

"बघितला," प्लंबर खाली बघत म्हणाला. "आमची गल्ली फिकट निळ्यात आहे."

"आमची गडद. मागच्या वादळात हिला कापड कापायच्या टेबलावर उभी केली आणि मी तिला धरून कंबरभर पाण्यात रात्र काढली. मशीनची मोटर गेली ती गेलीच."

"मग आणखी लांब का नाही जात?" प्लंबरच्या बायकोने विचारलं. "डोंगराकडे वगैरे?"

"तिकडे माझ्याकडून कोण शिवून घेणार? गिऱ्हाईक सगळं इथलंच. आणि तिकडच्या जागा आमच्यासाठी थोड्याच आहेत!" ती मुलीकडे वळली. "सांग बघू, पाच अधिक पन्नास किती?"

मुलीने बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आईने घाई केली नाही.

"पंचावन्न."

"शाब्बास. म्हणजे तू म्हातारी होईपर्यंत आपल्याला घर आहे."

"त्या नकाशाचं असं आहे, पोरी," प्लंबर बोलायला लागला. "पाणी त्याच्या आधीच..."

बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याला खोकला आला. तो बराच वेळ खोकत राहिला आणि थांबल्यावर त्याने वाक्य पुरं केलं नाही.

पाणी आता टेबलाच्या पायांवर चढलं होतं. पलंगावरची लांब चादर खालून भिजायला लागली, तशी बाईने सवयीने ती वर ओढून घेतली. पलंगाच्या पायाखाली विटा दिसल्या. तिने वाकून पलीकडे पाहिलं. चारही पायांखाली एकीवर एक रचलेल्या विटा होत्या, शेवाळलेल्या. प्लंबरची बायको खिडकीकडे बघू लागली.

"घेते मी घर," बाई म्हणाली. "पलंग तुम्ही घेऊन जा. विटा तेवढ्या राहू द्या."