झाकलेलं उत्तर

"उघड आता," मॅडम म्हणाल्या. त्यांची विद्यार्थिनी रेणुका संगणकाकडे वळली.

लाखो दीर्घिकांची, म्हणजे आकाशगंगेसारख्या तारकासमूहांची, अंतरं मोजून झाली होती, पण उत्तर मुद्दाम संगणकात झाकून ठेवलं होतं. आपल्या इच्छेपायी हिशेब वाकू नये, हा मॅडमचाच नियम. विश्व फुगवणारी कृष्ण ऊर्जा कधीच बदलत नाही, असं त्या आयुष्यभर सांगत आल्या होत्या.

पडद्यावर रेघ उमटली. ऊर्जा ओसरत चालली होती.

"मॅडम, पुन्हा तपासू या का?" रेणुका कशीबशी म्हणाली.

"उत्तर माझ्या बाजूनं आलं असतं, तर तपासलं असतंस?"

मॅडमनी सकाळीच आणलेला पेढ्यांचा पुडा सोडला.

"घे, तोंड गोड कर. इतकी वर्षं चुकत होते, ते निदान जिवंतपणी कळलं!"