करून राहिली

चेतना प्रत्येक मुलाखतीत एकाच जागी अडखळायची. 'मी तयारी करत आहे' म्हणायला जायची आणि तोंडातून 'करून राहिली' निघायचं. टेबलापलीकडची माणसं हसायची.

म्हणून ती रोज कपाटाच्या आरशासमोर बसून तेच वाक्य घोटायची. जीभ दुखून यायची. एका सकाळी ती 'करत आहे' म्हणाली, पण आरशातले ओठ 'करून राहिली' असे हलले. झोप झाली नसेल, असं म्हणून तिने वेणी घातली.

त्यानंतर तिचा शब्द चुकला नाही. गोंदियातल्या मुलाखतीत कुणीच हसलं नाही. नोकरी तिथल्या तिथे मिळाली.

सडक अर्जुनीला बसमधून उतरून ती पाय ओढत घरी आली. दार आतून बंद होतं. "आई, मी आले आहे," ती म्हणाली. नेहमीची 'माय' काही केल्या तोंडात येईना.

पुष्पाबाईंनी दार किलकिलं केलं आणि पोरीकडे परक्यासारखं पाहिलं. "कोन पायजे जी?"

"आई, मी चेतना."

पुष्पाबाई गोंधळल्या. आत वळून त्यांनी हाक मारली, "चेतना, कोन आली हाये, पाय वो."

"येऊन राहिली, माय," आतून तिचाच आवाज आला.