वाक्याचं शेपूट

फोनवर अक्षरं मोठी केली की तिनं बनवलेल्या मेसेजच्या ॲपमधल्या वाक्याचं शेपूट छाटलं जायचं. महिनाभर कोडशी झटापट करून तिनं ते दुरुस्त केलं आणि नवं ॲप सगळ्यात आधी बाबांना पाठवलं. त्यांच्या फोनवरची अक्षरं म्हणजे दुकानाच्या पाट्याच! संध्याकाळी बाबांचा फोन आला. "पोरी, झकास काम केलंस! तुझे जुने मेसेजही पूर्ण दिसतात." ती खुलली. "आधी काय दिसायचं?" "'बाबा, रविवारी यायचं मनात आहे' एवढंच, दर आठवड्याला. 'पण जमणार नाही' हे आज कळलं. मी आपला दर रविवारी तुझी खुर्ची पुसून ठेवायचो." तिचा आवाज उतरला. "मग विचारलं का नाहीत?" "कामात अडकली असशील म्हटलं. खरं सांगू? तुझं जुनं ॲपच बरं होतं गं." रविवारी त्यांच्या फोनवर मेसेज आला, कितीही मोठ्या अक्षरांत मावणारा: "बाबा, दार उघडा."