पॉलिशचे चार हात

नसरापूरचा पूल क्लब बंद पडला, तेव्हा निवृत्त मुख्याध्यापक वसंतरावांनी तिथलं खेळायचं एक जुनं टेबल टेम्पोत घालून भोरला घरी आणलं. बारा वर्षांपूर्वी याच क्लबातून त्यांनी आपल्या मुलाला, सुयशला, मित्रांदेखत मारत बाहेर काढलं होतं. पुढं तो नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि सणावारालाही घरी यायचा बंद झाला.

दोन महिने वसंतराव त्या टेबलापाशीच होते. काळं पडलेलं जुनं पॉलिश त्यांनी काचपेपरनं घासून काढलं, सिगारेटचे डाग घालवले, भेगांत लांबी भरली आणि फडक्यानं नव्या पॉलिशचे चार हात दिले.

"अहो, सुताराला बोलवा की," त्यांच्या पत्नी नलूताई म्हणाल्या.

"नको. हे मलाच करू दे."

आईनं फोनवर फारच गळ घातली म्हणून सुयश दोन दिवसांसाठी आला. टेबल बघून तो दारातच थबकला. मग पुढं येऊन, वाकून त्यानं लाकडावरून हात फिरवला.

"तुम्ही केलंत हे, बाबा?"

"तुझ्यासाठी."

"सुंदर झालंय." तो चक्क हसला.

वसंतरावांनी त्याची पाठ थोपटायला हात उचलला.

बत्तीस वर्षांच्या सुयशनं गच्च डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.