पानभर पुढं

सिद्धेश्वरी गुडघे कुरकुरायच्या वयात वाचनालयातून आणलेल्या प्रेमकथेत पार बुडाली होती. मात्र प्रत्येक गमतीला ती हसण्याआधीच स्वयंपाकघरात कुणीतरी हसायचं, तेही तिच्याच आवाजात. ती दोनदा आत डोकावली, कुणी नव्हतं.

वैरागहून नवऱ्याचा, शिवानंदचा, फोन आला. "गाडीवरनं निघालो बघ. तितं दोघीजणी कोण हसायल्यात गं?"

"एकटीच हाय की मी! तुमी हळू या."

आतल्या हसण्याला गाठायला ती भराभर वाचू लागली. ते आता पानभर पुढं गेलं होतं.

मग आत हुंदका फुटला. "अहो... अहो..."

तिनं घाईनं पान उलटलं. तिथं तर नायक-नायिकेचं थाटात लग्न लागत होतं. रडण्यासारखं काहीच नव्हतं.

फोन वाजला.